राजाकडे राहिलेली पोथी

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गेलात की बारवेच्या पायरीवर जरा टेका. भोवतीची कोरीव देवळं पाहिली की यादवांचा काळ फार लांबचा वाटत नाही. हा दगड टिकला. त्याच काळात देवगिरीला लिहिलेली एक पोथी मात्र गेली. आजची गोष्ट तिची.

यादव राजा रामदेवरावाच्या दरबारी नरेंद्र नावाचा कवी होता. साल आणि नृसिंह हे त्याचे भाऊही कवीच. नरेंद्रानं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं, ते राजाला भारी आवडलं. ‘हे माझ्या नावावर कर, ओवीमागं सोन्याचं नाणं देतो,’ असं तो म्हणाला. नरेंद्रानं साफ नकार दिला. पोथी राजाकडे राहिली आणि कवी महानुभाव पंथात गेला. त्याच्यासोबत आल्या त्या नऊशेच्या आसपास ओव्या, अशी पंथाची आठवण आहे. दरबारी कवीनं राजाला नाही म्हणावं, यातच मला अर्धं काव्य दिसतं.

पुढं मठांमधून नकला होत गेल्या. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती कुलपं उघडली, तेव्हा कुठं बाहेरच्यांना आत डोकावता आलं.

पण नकलेवरून मूळ शोधायचं कसं? इथं चूक कामाला येते! जुन्या पोथीत शब्द सुटे नसतात, सगळी ओळ सलग. दोन ओव्या एकाच शब्दानं सुरू झाल्या की लिहिणाऱ्याची नजर घसरते आणि मधली ओवी गळते. घ चा ध होतो, व चा ब. आता तीच ओवी दोन लांबच्या गावांतल्या पोथ्यांत गळलेली दिसली, तर दोघींची आजी एक, असं समजायला जागा होते. अशा बऱ्याच खुणा जुळल्या की पोथ्यांची वंशावळच मांडता येते. उलट फार स्वच्छ, सोपी प्रत दिसली की अभ्यासक बिचकतो. मधल्या कुणीतरी अवघड शब्द काढून ओळखीचा घातलेला असतो.

तुकोबांच्या गाथेचं कामही असंच झालं. 1869 आणि 1873 साली पंडितांनी छापलेली गाथा निरनिराळ्या गावांतल्या वह्या ताडूनच सिद्ध झाली.

तुमच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली जीर्ण पोथी असेल. ती गोदावरीत सोडण्याआधी शेवटचं पान तेवढं कुणा जाणत्याला दाखवा. नक्कल करणाऱ्याचं नाव आणि शक बहुधा तिथंच लिहिलेला असतो.