एका शेताचे नुकसान, साऱ्या टापूचा विमा



सदरमधल्या बँकेत तुम्ही पीकविम्याची चौकशी करता नि उत्तर मिळते, "तुमचे पीक बुडाले खरे, पण मंडळाची सरासरी ठीक आहे." राग येतो. येणारच. पण असला नियम आला कुठून, हे गुरुजींनी शाळेत सांगण्याजोगे आहे.

प्रा. वि. म. दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक होते. १९७१ साली नीळकंठ रथांबरोबर त्यांनी गरिबी ताटावरून मोजली : माणसाला रोज २२५० उष्मांकांचे अन्न परवडते का? विदर्भात ते ठाऊक आहेत १९८४ च्या अनुशेष अहवालामुळे.

विम्याचे कोडे मात्र माणसाच्या स्वभावाचे होते. शेतागणिक पंचनामा करावा, तर शेते लाखो. शिवाय विमा आहे म्हणून कोणी निंदणात हयगय केली, तर ते नुकसान पावसाचे की आळसाचे? १९७६ साली दांडेकरांनी तोड सुचवली. सारख्या हवामानाचा टापू धरा, पीक कापणीचे प्रयोग करा. सरासरी घसरली तर सगळ्यांना भरपाई द्या. मेहनत करणाऱ्याचे जास्तीचे पीक त्याचेच राहते. १९८५ ची समग्र पीकविमा योजना याच पायावर उभी राहिली.

गारपीट मात्र टापू पाहून पडत नाही. धुऱ्याअलीकडे कपाशी झोपते, पलीकडे उभी असते. टापू लहान केला तर न्याय जवळ येतो, पण कापणीचे प्रयोग वाढतात, खर्चही वाढतो. तेव्हा तुमच्या शिवारात असा प्रयोग असेल, त्या दिवशी धुऱ्यावर जाऊन उभे राहा, नि वजन किती भरले ते वहीत टिपून ठेवा.