एक धंदा की चार?

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी कांदा निवडत. हात चालूच ठेवा. आज आम्ही आष्टी तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत दर दोन महिन्यांनी निघणारा एक प्रश्न घेऊन आलो आहोत. बाईनं एकच काम धरून त्यातच जीव ओतावा, की चार कामं करून चार बाजूंनी पैसा आणावा?

आपल्याकडं दोन्हीला टोमणे तयार असतात. एकच काम करत बसली तर म्हणतात, "हिला दुसरं येतंय काय?" चार कामं काढली की म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." म्हणून टोमणे बाजूला ठेवू आणि हिशोबानं बोलू.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण तिला विचारूनच सांगतोय. ताई आणि तिचा नवरा दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल घ्यायची आणि सहा महिने कोयता चालवून ती फेडायची. पोरगी मोठी व्हायला लागली, तशी ताईनं गाठ बांधली, की यंदा उचल घ्यायची नाही, गावातच राहायचं. गटाच्या बँक कर्जातून तिला तीस हजार रुपये मिळाले. चौदा हजारांच्या दोन शेळ्या घेतल्या. सात हजारांचं शिलाई मशीन घेतलं. पाच हजार पापड-कुरडईच्या सामानात घातले, आणि उरलेल्या चार हजारांच्या बांगड्या-टिकल्या विकायला आणल्या. तिचं म्हणणं होतं, "एक बुडालं तर दुसरं तारील."

झालं उलटंच. शेळ्या चारायला नेल्या की ब्लाऊज टाकायला आलेली बाई दाराला कडी बघून परत जायची. मशीनवर बसली की शेळ्या दावणीला ओरडायच्या. पापड वाळत घातले आणि वळवाचा पाऊस आला, तेव्हा ती बांगड्या घेऊन शेजारच्या वाडीवर गेलेली. चारही कामं चांगली होती. ताई आळशी तर मुळीच नव्हती, पहाटे चारला उठत होती. पण बाई एक आणि दिवसही एकच. तीन हप्ते थकले.

आता हप्ते थकले, की एकटीचं थकत नाही. बाकीच्या बायांचं पुढचं कर्ज अडलं. बैठकीत आवाज चढले. एक जण म्हणाली, "तुझ्यापायी माझ्या म्हशीचे पैसे थांबले." ताई काही बोलली नाही. उठून जाताना एवढंच म्हणाली, "जाते परत उसाला. उचल घेते आणि तुमचं फेडते."

तेव्हा गटातल्या अक्कांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. विचारलं, "ह्या चार कामांतलं असं कोणतं, ज्याला माणूस आपल्या पायानं तुझ्या दारात येतं?" ताई म्हणाली, "ब्लाऊजला." अक्का म्हणाल्या, "मग ते धर. बाकीचं आपण बघू."

उरलेलं पापडाचं सामान आम्ही गटातच वाटून विकत घेतलं. बांगड्या गावातल्या दुकानात कमी भावानं दिल्या. तोटा झाला, पण अडकलेला पैसा मोकळा झाला. शेळ्या विकायला मात्र ताई तयार झाली नाही. म्हणाली, "त्या माझी ठेव आहेत." सासूबाई म्हणाल्या, "शेळ्या मी बघते." मग ताई रोज ठरलेल्या वेळेला मशीनवर बसायला लागली. ब्लाऊज जमल्यावर फॉल-पिको सुरू केलं. ते जमल्यावर शाळेचे गणवेश. त्या वर्षी दसऱ्याला उचल घेतली नाही. थकलेले हप्ते फिटायला वर्ष गेलं, पण फिटले. आणि पोरगी कॉलेजात गेली, तेव्हा फीसाठी एक शेळी विकली.

ह्यातून आम्हाला काय कळलं, ते सांगण्याआधी मुंबईतल्या बायांची एक गोष्ट ऐका. लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी ते काम सुरू केलं. ऐंशी रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढं 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. त्यांना मार्ग दाखवणारे छगनबाप्पा पारेख म्हणाले, एकच करा, चांगलाच करा आणि हिशोब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. अशा वेळी दुसरा धंदा शोधावा असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही पापड वाळले. एकाच कामात राहिलं, की त्या कामाची अडचण कशी सोडवायची ते सुचतं. सारखं काम बदललं, की दर वेळी नवी अडचण, आणि आपण पुन्हा पहिलीतच.

लिज्जतनं दुसऱ्या वस्तू कधी काढल्या? खाकरा 1974 मध्ये, म्हणजे पापडाला पंधरा वर्षं झाल्यावर. मसाले 1976 मध्ये. पिठाच्या गिरण्या, पाकिटांची छपाई, हेही त्याच सुमारास. ह्यातलं बहुतेक पापडाच्याच घरातलं आहे. पापडाला पीठ लागतं, मसाला लागतो, पाकीट लागतं. पण त्यांनी चामड्याच्या वस्तू, काडेपेट्या आणि अगरबत्तीही करून पाहिली. ते धंदे चालले नाहीत. हात त्याच बायांचे होते, मेहनतही तीच. पण पापडाचं शिकलेलं काडेपेटीला फारसं कामी येत नाही.

मग चार धंदे करूच नयेत का? तसं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बघा. बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, पुढं कोंबड्या, शेळ्या, गावोगाव सौरदिव्यांची विक्री. त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. त्यांची कामं दिसायला वेगवेगळी आहेत, पण आम्हाला त्यात एक धागा दिसतो. जी बाई बांगड्या घेते, तीच अंडी घेते, तिलाच दिवा लागतो. गिऱ्हाईक ओळखीचं आणि उंबराही ओळखीचा.

आणि एकाच कामावर सगळा भार टाकण्यातही धोका आहे. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या बाईनं सगळा पैसा कोंबड्यांत घातला होता. काम पक्कं शिकली होती. पण 2020 मध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि महाराष्ट्रभर कोंबडीचे भाव कोसळले. तिची काही चूक नव्हती, तरी घर बसलं. ऊसतोडीचंही तसंच. सगळं घर एका कोयत्यावर टांगलं, की मुकादम म्हणेल ती उचल आणि म्हणेल तो फड.

आपली शेती ह्यात आपली गुरू आहे. आष्टीकडं पावसाचा भरवसा नाही, म्हणून जुनी माणसं बाजरीत तुरीच्या ओळी टाकायची, कडेनं मटकी, हुलगा पेरायची. पण रान बाजरीचंच असायचं. बाजरी गेली तर तूर हाती लागायची, पण तुरीसाठी वेगळी नांगरट करावी लागत नव्हती. ताईच्या घरी शेवटी हेच झालं. शिलाई ही तिची बाजरी आणि शेळ्या ही तूर. शेळ्या सासूबाईंच्या हातून वाढल्या, शिलाईच्या वेळेतून नाही.

आणखी एक सांगतो. आवड आणि धंदा ह्यांची गल्लत करू नका. कुणाला भजन आवडतं, कुणाला रांगोळी, कुणाला पुस्तक वाचायला. हल्ली कुणाला काही चांगलं जमलं, की आम्हीच कार्यकर्त्या लगेच म्हणतो, "ताई, ह्याचा उद्योग करा." ही आमची चूक आहे. प्रत्येक आवडीनं कमावलंच पाहिजे असं नाही. मनाला विसावा मिळाला, तरी तिचं काम झालं. आवडी चार ठेवा, दहा ठेवा. त्यांना कर्ज लागत नाही आणि हप्ताही नाही. मोजून मापून राहायचं, ते कर्ज काढलेल्या कामात.

म्हणून येत्या बैठकीत हे करा. जिनं दुसऱ्या कामासाठी कर्ज मागितलं असेल, तिला गटानं प्रेमानं तीन प्रश्न विचारावेत. पहिला, पहिलं काम स्वतःचा हप्ता स्वतः भरतंय का? दुसरा, नवं काम पहिल्याच्या जवळचं आहे का, म्हणजे गिऱ्हाईक, माल किंवा कसब तेच आहे का? तिसरा, ते करणार कोण आणि दिवसाच्या कोणत्या वेळेला? तिन्हीची उत्तरं आली तर कर्ज द्या, आणि मनापासून द्या. नाही आली तर नकार देऊन घरी पाठवू नका. अक्कांनी केलं तसं हाताला धरून खाली बसवा आणि तिच्यासोबत हिशोब मांडा.

ती ताई आता शिवणातून उरलेल्या चिंध्यांच्या वाकळी शिवून विकते. चिंध्या भाराभर असल्या तरी हरकत नाही, बायांनो. धागा मात्र एक आणि पक्का पाहिजे.

पुन्हा भेटू. राम राम.