पट्ट्यांवरून वाघ, शेपटीवरून देवमासा

मार्च 2021मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडले, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात; एकाच वाघाची डावी-उजवी बाजूही वेगळी, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावतात. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासेही असेच ओळखले जातात. खोल बुडी मारताना हा देवमासा शेपटी पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी. ओळखीचे देवमासे पुन्हा किती वेळा दिसतात, यावरून ओमानमधल्या अभ्यासकांनी तिथल्या संख्येचा अंदाज बांधला: अवघे 82!

देवमाशाच्या अंगावर उपग्रहाला ठिकाण कळवणारं यंत्र लावता येत असताना छायाचित्रं कशाला, असं कुणी विचारेल. 2017च्या अखेरीस ‘लुबान’ नावाची मादी ओमानहून समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, हे यंत्रामुळेच कळलं. पण असं यंत्र काही महिन्यांत गळून पडतं; छायाचित्र वीस वर्षांनीही ताडता येतं. शेपटीवर नवे व्रण उमटतात, हेही खरं. म्हणूनच अभ्यासक एकाच खुणेवर विसंबत नाहीत, शेपटीची दातेरी कड आणि पाठीवरचा परही तपासतात. इतक्या थोड्या जिवांपैकी एखादी वयात आलेली मादी मासेमारीच्या जाळ्यात दगावली, तर नेमकी कोण गेली हे त्या जुन्या छायाचित्रांवरूनच सांगता येतं.