नवजात तारे आणि त्यांच्या तबकड्या



हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्राच्या तीन ठळक ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर असलेला, ताऱ्यांना जन्म देणारा तेजोमेघ होय. तेथील बहुसंख्य तारे अवघ्या दहा-वीस लाख वर्षांचे आहेत. साडेचार अब्ज वर्षे वयाच्या सूर्यापुढे ही तान्ही बाळेच म्हणावयाची.

अशा ताऱ्याभोवती वायू व धूळ यांची तबकडी फिरत असते आणि पुढे तिच्यातूनच ग्रह घडतात. ताऱ्याच्या उष्णतेने तापलेली धूळ अवरक्त किरण बाहेर टाकते. एकट्या ताऱ्याकडून यावे त्याहून अधिक अवरक्त तेज आढळले, की तेथे तबकडी आहे असे समजतात. 2003 साली अवकाशात गेलेल्या व 2020 मध्ये निवृत्त झालेल्या स्पिट्झर दुर्बिणीने अशा पुष्कळ तबकड्या शोधल्या.

तथापि या पद्धतीत एक उणीव राहते. तबकडी गमावलेला तरुण तारा अवरक्तात वृद्ध ताऱ्यासारखाच दिसतो आणि मोजणीतून निसटतो. केवळ तबकडीधारकांचीच गणना केली, तर प्रत्येकाला तबकडी असते असाच निष्कर्ष निघणार! जमेचीच बाजू लिहिलेल्या खातेवहीसारखी ही गत. येथे क्ष-किरण साहाय्यास येतात. तरुण ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे इतकी प्रबळ असतात, की त्यांचे क्ष-किरण सूर्याच्या हजारपटही असू शकतात. मग तबकडी असो वा नसो. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या 'चंद्रा' वेधशाळेने जानेवारी 2003 मध्ये सुमारे तेरा दिवस, जवळजवळ अखंडपणे, या तेजोमेघाचे निरीक्षण केले आणि 1,600 हून अधिक क्ष-किरण स्रोत टिपले. त्यांपैकी काही ताऱ्यांच्या वर्णपटात थंड लोहाची रेषा आढळली. ताऱ्याचे क्ष-किरण तबकडीवर आदळत असल्याची ती खूणच होती.

अनेक तारकासमूहांच्या अशा दोन्ही नोंदी जुळविल्यावर दिसून आले, की तीसेक लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या विरतात आणि कोटीभर वर्षांनंतर फारच थोड्या उरतात. टीडब्ल्यू हायड्री हा सुमारे कोटभर वर्षांचा तारा मात्र आपली तबकडी अजून सांभाळून आहे. गुरूसारख्या महाग्रहाला लागणारा सारा वायू एवढ्याच मुदतीत गोळा करावा लागतो. आणि तोच वायू तापवून उधळून लावण्यात ताऱ्याच्या क्ष-किरणांचा वाटा किती, याविषयी खगोलशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.