पाळी गिरणीत असावी, घरात नसावी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर याच विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे. ‘कामगार आणि आरोग्य’ हा विषय आम्हाला दिला आहे. तो आम्ही आमच्या घरापासूनच सुरू करतो.

आमचे आजोबा मुंबईला गिरणीत रिंग खात्यात होते. साळखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडचा म्हणे विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला आणि साळखात्याचे दार उघडा ही मागणी लावून धरली. कापसाच्या धुळीने मात्र विटाळ कधी पाळला नाही. ती सगळ्यांच्या छातीत सारखीच गेली.

आमचे वडील आबा, तेही गिरणीतच लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आबांना पुन्हा कामावर घेतले नाही. बिऱ्हाड गुंडाळून आम्ही गावी आलो. पेन्शन योजना आली १९९५ साली, आबांची नोकरी त्याआधीच गेलेली. आणि आम्ही? एकोणिसाव्या वर्षी सूतगिरणीत बदली म्हणून लागलो. बापाचाच कापूस, बापाचीच धूळ.

आबा रात्रभर खोकायचे. आम्ही म्हणायचो, “विड्या ओढल्या, आता भोगा.” हे आमचे शब्द. आज ते आठवले की मान वर होत नाही.

आम्ही तिघे भाऊ. आई गेल्यावर आबांची पाळी लावली. एकेक महिना एकेकाकडे. आबांची एक पिशवी होती. त्यात दोन धोतरे, औषधाची बाटली आणि बाबासाहेबांचा फोटो. एकदा महिना एकतीस दिवसांचा निघाला. थोरल्याने तीस दिवस मोजून पिशवी हातात दिली. आबा आमच्या दारात आले. आम्ही म्हणालो, “आमची पाळी उद्यापासून.” थट्टेत नाही, खरेच म्हणालो. कामावर जायची घाई होती.

संध्याकाळी आम्ही याच विहारात सिगालोवाद सुत्तावर बोलायला उभे राहिलो. मालकाने नोकराची ताकद पाहून काम द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर विश्रांती द्यावी, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. ते सांगताना आम्ही मालकांना चांगले झोडपले. टाळ्या पडल्या. बाहेर आलो तर पायरीवर आबा, मांडीवर पिशवी. दिवसभर तिथेच होते. भाषणही ऐकले होते. त्याच सुत्तात आईबापांच्या सेवेचे कलम आहे. ते आम्ही वगळले होते. आबा एवढेच म्हणाले, “चांगलं बोललास.”

त्या रात्रीपासून आबा आमच्याकडे. लोक म्हणतात, तुम्ही बापाची सेवा केली. ते खरे नाही. सेवा आमच्या मंडळींनी केली, आम्ही सभा केल्या.

पुढे दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी आबांना विचारले, “काम काय करत होता?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेच नव्हते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून सोमवारी त्रास जास्त. सुरुवातीला बरे वाटते, वर्षे गेली की दम कायमचा मुक्कामाला येतो. विडीने त्यात भर पडते हे खरे, पण मूळ गिरणीत असते. बाई बोलत होत्या आणि आम्ही आमचे सोमवार मोजत होतो.

म्हणून तरुण कामगारांना सांगणे आहे. डॉक्टरांना आपले खाते सांगा. फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. हा धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नुकसानभरपाईच्या कायद्यात नोंदलेला आहे, तेव्हा कागद सांभाळा. बदली असलात तरी विम्याचे कार्ड मागा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल आला, त्यातून १९४८ चा कायदा झाला. ते कार्ड कुणाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे.

आणि घरातल्यांना सांगणे. आईबापांना सांभाळायचा कायदा २००७ साली झाला, प्रांताकडे दाद मागता येते. पण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला ती पायरी चढायची वेळ येऊ नये. मालकाकडे न्याय मागणाऱ्याने आधी आपल्या उंबऱ्यात पाहावे.

आबा आज मागच्या रांगेत खुर्चीवर बसले आहेत. त्यांच्या हातात आता पिशवी नाही. आबा, त्या एकतीस तारखेबद्दल आम्ही चुकलो. घरात म्हणायचे धाडस झाले नाही, म्हणून चारचौघांत म्हणतो.