राग कुणावर, राग कुणाशी
(बंगळुरूतील मराठी मंडळींपुढे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिथून ही प्रथा गावोगाव कशी गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाल्यापासून इथे मराठी कशी नांदली, तेही तुम्ही ऐकलेलं आहे. म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. पावसात, सिल्क बोर्डचा चौक ओलांडून तुम्ही वेळेवर पोचलात, यातच विषयाची गोडी दिसते. (हशा)

विषय आहे, इंग्रजी विशेषणानंतर कोणतं शब्दयोगी अव्यय घ्यावं. अँग्री विथ की अँग्री ऑन, गुड ॲट की गुड इन, मॅरीड टू की मॅरीड विथ. मी या शहरात तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगून टाकतो. इंग्रजीतली ही जोडी ज्याला नीट यायला हवी, त्यानं पहिल्यांदा आपल्या मराठीकडे कान द्यावा. इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभं करायची जी रीत पडली, तिनंच आपल्या मुलांचं इंग्रजी या ठिकाणी कच्चं ठेवलं.

काही चेहरे साशंक दिसताहेत. मग आधी तुमचीच परीक्षा घेतो. मी विशेषण सांगतो, तुम्ही जोडून द्या. गणित, हुशार?

(सभागृहातून : गणितात!)

डोळे, अधू? ... डोळ्यांनी. दिसणं, देखणा? ... दिसायला. कर्ज, मोकळा? ... कर्जातून. शिक्षा, पात्र? ... शिक्षेला. हापूस, प्रसिद्ध? ... हापूससाठी. बघा, एकही चूक नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलं? ‘पात्र’ला ‘ला’ लागतो आणि ‘मोकळा’ला ‘तून’ लागतो, असा तक्ता कुणी पाठ केला होता का? ‘डोळ्यांत अधू’ असं कुणी म्हटलं तर कानाला खुपतं, पण का खुपतं ते सांगता येत नाही. विशेषण आपला जोडीदार बरोबर घेऊनच आपल्या कानात शिरलेलं असतं. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. आपला प्रत्यय नामाला मागून चिकटतो, त्यांचं अव्यय नामाच्या आधी उभं राहतं. काम एकच.

आपल्या पूर्वजांनी याचा केवढा विचार केला होता! ‘श्री गणेशाय नमः’ म्हणताना कुणी ‘गणेशं नमः’ म्हणत नाही, कारण ‘नमः’च्या जोडीला चतुर्थी ठरलेली. याला उपपद विभक्ती म्हणतात, हे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल. पाणिनीनं तर रागासाठी वेगळं सूत्र केलं. राग, द्रोह, मत्सर, असूया या अर्थाचा धातू असेल, तर ज्याचा राग येतो त्याची चतुर्थी. बाप मुलावर रागावला की संस्कृतात ‘पुत्राय क्रुध्यति’. भय असेल तर ज्याचं भय त्याची पंचमी : ‘व्याघ्रात् बिभेति’. म्हणजे राग मुलाकडे निघतो आणि भय वाघाकडून येतं. मराठीनं दोन्ही ठिकाणी वेगळी वाट धरली. आपण मुलावर रागावतो आणि वाघाला भितो. इंग्रजी म्हणते, अँग्री विथ द सन, अफ्रेड ऑफ द टायगर. भावना त्याच, पण प्रत्येक भाषेनं त्यांना वेगळ्या दारानं आत घेतलं.

‘अफ्रेड’चं थोडं सांगायलाच हवं, कारण मुलं विचारतात, वाघ ‘चा’ कसा काय? अफ्रेड हे मुळात धातुसाधित आहे, ‘घाबरवलेला’ या अर्थाचं. आणि जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ हा ‘कडून’ अशा अर्थानंही यायचा. वाघाकडून घाबरवलेला. एवढं सांगितलं की मुलाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. पुन्हा ते ‘अफ्रेड फ्रॉम’ लिहीत नाही.

आता ‘अँग्री ऑन’कडे येतो. आपल्या मुलांची ही सगळ्यात घट्ट चूक. ती कुठून येते ते उघड आहे : माझ्यावर रागावला, म्हणून ऑन मी. पण बंगळुरूत गंमत अशी की शेजारचं कन्नड मूलही तेच लिहितं. कन्नडमध्ये विचारतात, ‘नन्न मेले कोपाना?’ माझ्यावर राग आहे का? ‘मेले’ म्हणजे वर. दोन भाषा दोन कुळांतल्या, ‘वर’ आणि ‘मेले’ यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि राग मात्र दोघींकडे वरूनच येतो.

हा योगायोग नसावा. सांगलीजवळच्या कुपवाडचं नाव भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जगभर छापलं जातं, हे आपल्यातल्या सांगलीकरांनाही कदाचित माहीत नसेल. गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथली जैन शेतकरी घरं कन्नड बोलत, मुसलमान घरं उर्दू, बाकीची बहुतेक मराठी. शतकानुशतकं शेजारी राहून प्रत्येकानं आपले शब्द जपले, पण वाक्याचा सांगाडा तिन्ही भाषांचा जवळजवळ एक झाला. एका भाषेतल्या वाक्यातला शब्द काढून तिथे दुसऱ्या भाषेतला बसवत गेलं, की त्या भाषेतलं वाक्य तयार. मी निपाणीचा. मला तो निबंध वाचताना आमची गल्लीच ऐकू येत होती. तेव्हा मुलगी ‘अँग्री ऑन’ लिहिते, तेव्हा ती निष्काळजी नसते. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तिच्या लेखणीतून उतरत असतो.

मुलगी म्हटलं, तर तिच्याबद्दल दोन मिनिटं सांगतो. तिचे वडील चिकपेटेत कापडाच्या दुकानात कामाला होते. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. आठवीत होती. निबंधात तिनं लिहिलं, ‘माय फादर इज अँग्री ऑन मी.’ मी ‘ऑन’वर लाल काट मारली आणि वर ‘विथ’ लिहिलं. पुढच्या निबंधात पुन्हा ऑन. पुन्हा काट. तिसऱ्यांदा ती वही घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, राग वरून खाली येतो ना? बाबा उंच आहेत. मग विथ कसं? विथ म्हणजे तर दोघं मिळून.”

मंडळी, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘इंग्रजीत असंच असतं’ असं म्हणून मी तिला जागेवर पाठवलं. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. ज्या मुलीनं भाषेच्या आत डोकावून पाहिलं, तिला मी डोकावू नको असं सांगितलं होतं.

त्या रात्री कोश उघडून बसलो. ‘विथ’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ निघाला ‘विरुद्ध’! ‘विथस्टँड’मध्ये तो अजून जिवंत आहे, ‘फाइट विथ’मध्येही आहे. आणि एकदम लक्षात आलं की हे तर आपल्याकडेही आहे. आपला ‘शी’ प्रत्यय घ्या. मैत्री कुणाशी? त्याच्याशी. भांडण कुणाशी? त्याच्याशीच! एकाच ‘शी’मध्ये गळ्यात हातही आहे आणि गळा धरणंही आहे. (हशा) सकाळी प्रार्थनेनंतर तिला बोलावलं. म्हटलं, मराठीत राग ‘वर’ असतो, भांडण ‘शी’ असतं. इंग्रजीनं रागाला भांडणाच्या ओळीत बसवलंय. ती जरा थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडे बाबा रागावले तरी दोघं समोरासमोर उभे असतात.”

त्यानंतर तिनं ‘ऑन’ कधी लिहिलं नाही. शिवाय एक लांब वही केली. फूटपट्टीनं तीन रकाने आखले : डावीकडे मराठी, मध्ये कन्नड, उजवीकडे इंग्रजी. घरात कुणी काही बोललं की ती लिहून ठेवायची. ‘आई कामानं थकली’ समोर ‘टायर्ड फ्रॉम वर्क’, आणि खालीच ‘आई कामाला कंटाळली’ समोर ‘टायर्ड ऑफ वर्क’. आपल्याकडे ‘नं’ आणि ‘ला’ जो फरक करतात, तो इंग्रजीत ‘फ्रॉम’ आणि ‘ऑफ’ करतात, हे तिनं शोधलं, मी नाही. ‘काका पगारावर अवलंबून’, ‘डिपेंडंट ऑन’. तिथे तिनं तीन चांदण्या काढल्या होत्या, कारण तिन्ही रकान्यांत ‘वर’च आलं. तिला मी सांगितलं, अवलंबणं म्हणजे लोंबणं, आणि डिपेंडमधला लॅटिन धातूही लोंबण्याचाच. तर चौथी चांदणी काढली. ‘आत्याचं लग्न पुण्याच्या मुलाशी’ समोर आधी ‘मॅरीड विथ’, मग खोडून ‘टू’, आणि शेजारी तिची टीप, ‘इथे शी चालत नाही, बांधल्यासारखं’. ती वही माझ्याकडे आहे. दहावीनंतर देऊन गेली.

हो, घड्याळाकडे माझं लक्ष आहे, अध्यक्ष.

एक चिठ्ठी आली आहे. ‘बंगळुरूतच सिद्ध झालं होतं की व्याकरण न शिकवताही इंग्रजी येतं. तुम्ही उलट्या दिशेनं चालला आहात का?’ प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात इथल्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या आधारानं जो प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून जगभर ओळखला जातो. मुलांना नियम न सांगता रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, कोडं सोडवायला सांगायचं. लक्ष अर्थावर राहिलं की रचना आपोआप मुरते, ही त्यामागची कल्पना. प्रभूंबद्दल मला आदर आहे. त्यांनी घोकंपट्टीच्या भिंतीला मोठं भगदाड पाडलं. पण आजच्या विषयापुरती एक अडचण राहते. ‘अँग्री ऑन मी’ म्हटलं तरी अर्थ पूर्ण पोचतो! गाडी चुकत नाही, कोडं अडत नाही. अर्थावरच लक्ष असलेल्या मुलाला ही चूक जाणवण्याचं कारणच पडत नाही, म्हणून ती आयुष्यभर सोबत करते. मुलाला इथे थांबवून रचनेकडे बघायला लावावं लागतं, आणि बघायला सगळ्यात चांगला आरसा घरची भाषा. म्हणून मी उलट्या दिशेनं जात नाही, प्रभूंचा रस्ता जिथे थांबला तिथून पुढे जातोय.

रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातल्या याद्यांबद्दल बोलणार होतो, ते राहू द्या. त्या याद्या आपण सगळ्यांनी घोकल्या आणि परीक्षेनंतर विसरलो. यादीत अव्ययानुसार विशेषणं लावलेली असतात, डोक्यात मात्र ती एकेकटी, आपापल्या जोडीदारासह राहतात. जपानमध्ये शिकवणाऱ्या हॉर्नबींना हे कळलं होतं. त्यांचा कोश आधी १९४२ साली टोकियोत छापला, मग १९४८ साली ऑक्सफर्डनं काढला. शब्द नुसता समजून चालत नाही, तो वाक्यात कसा बसतो ते परक्या विद्यार्थ्याला दाखवावं लागतं, हे त्यांनी धरलं. आज विद्यार्थ्यांच्या कोणत्याही चांगल्या कोशात विशेषणाशेजारी त्याचं अव्यय ठळक छापतात. घरी जाऊन नातवंडांच्या टेबलावरचा कोश उघडा आणि ‘अँग्री’ पाहा.

जाता जाता दोन गोष्टी. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर या सगळ्यांना ‘टू’ लागतो, ‘दॅन’ नाही, कारण ही लॅटिनमधली तर-वाचक रूपं आहेत. ऑफिसच्या मेलमध्ये ‘सीनियर दॅन मी’ लिहिणाऱ्यांनी एवढं घेऊन जावं. ‘डिफरंट’नंतर आपल्याकडे ‘फ्रॉम’ शिकवतात, इंग्लंडात ‘टू’ही ऐकू येतं, अमेरिकेत ‘दॅन’. तिथे कुणाला खोडू नका.

दुसरी घंटा झाली. त्या मुलीच्या वहीचं शेवटचं पान दाखवतो आणि थांबतो. मागच्या मंडळींना दिसणार नाही, म्हणून वाचतो. डाव्या रकान्यात लिहिलंय, ‘आजी माझ्यावर रुसली.’ मधल्या रकान्यात कन्नड वाक्य, त्यातही ‘मेले’. उजवा रकाना कोरा आहे. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, ‘सरांना विचारणे’. तिनं विचारलं होतं. मी ‘अँग्री’ सुचवलं, तर म्हणाली, आजी रागावलेली नाही. ‘सॅड’ सुचवलं, तर म्हणाली, दुःख नाही, मी जवळ गेले की ती तोंड फिरवते आणि मी परत यावं अशी वाट बघते.

काय म्हणालात बाई? अपसेट विथ? जवळ आलात. पण अपसेट माणूस एकटाही असू शकतो. रुसायला तर समोर कुणीतरी लागतं, आणि तेही आपलंच.