आपल्याला विचारले कोणी?

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वरूड येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृह अशा विषयांवर विचार मांडले जातात. आज आम्ही निवडलेला विषय काहींस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. निवडणुकीच्या दिवसांत शनिवारी-रविवारी आपल्या घरोघरी दूरचित्रवाणीवर ज्या राजकीय चर्चा पाहिल्या जातात, त्यांविषयी चार शब्द बोलावेत असा आमचा मानस आहे. या चर्चांचा आम्हांस स्वतःस नाद आहे. तेव्हा आम्ही जो दोष सांगू, तो प्रथम आमच्या घरचा आहे असे समजावे.

२०२४ साली लोकसभेसाठी आपल्याकडे २६ एप्रिलला आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले. दोन्ही वेळी आमच्या ओसरीवर शनिवार सायंकाळची बैठक ठरलेली असे. भाऊबंद जमत, चहा होई आणि मग वाहिनीवरील चर्चेहून मोठी चर्चा ओसरीवर रंगे. एप्रिलमधील एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो. कित्येक आठवडे आम्ही अमरावती मतदारसंघातील लढतीवरील चर्चा तावातावाने ऐकल्या, बाजू घेतल्या, पैजाही मारल्या. आपले वरूड मोर्शी विधानसभा मतदारसंघात आहे आणि तो मतदारसंघ लोकसभेसाठी वर्ध्यास जोडलेला आहे, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. परंतु वर्ध्याचे उमेदवार कोणते प्रश्न घेऊन उभे आहेत, हे आमच्यापैकी एकासही धड सांगता आले नसते. ज्यांस मत द्यावयाचे त्यांच्याविषयी अज्ञान आणि ज्यांस देता येणार नाही त्यांच्याविषयी पांडित्य, अशी आमची अवस्था होती.

पुढे नोव्हेंबर आला. एका शनिवारी पडद्यावर विदर्भातील जातींची टक्केवारी रंगीत तक्त्यात दाखविण्यात आली आणि तीत आपल्या समाजाचे नाव झळकले. आमच्या थोरल्या बंधूंनी खुर्ची पुढे ओढली. आपल्यालाही कोणी मोजते, याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता. तोच एका पंडिताने सांगितले की, या समाजाची गठ्ठा मते अमक्या आघाडीस पडणार. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे ती तमक्या आघाडीच्या पदरात टाकली. अमरावतीस शिकणारी आमची नात दिवाळीनंतर प्रथमच घरी आली होती. ती म्हणाली, “आबाजी, पन आपल्याले इचाराले कोन आलतं?”

ओसरीवर कोणीच उत्तर दिले नाही. आम्ही मात्र त्या प्रश्नाचा पुढे बराच विचार केला. मतदारयादीत जातीचा रकाना नसतो. मतदान गुप्त असते. अनुसूचित जाती-जमाती वगळल्या, तर ज्यांचे सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले अशी अखेरची जातवार गणना १९३१ सालची. २०११ च्या सर्वेक्षणातील जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत, आणि पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. मग त्या तक्त्यातील टक्केवारी अंदाजाहून अधिक ती काय असणार? शिवाय अनुभव काय सांगतो? जून २०२४ मध्ये राज्यातील ४८ लोकसभा जागांपैकी ३० महाविकास आघाडीस मिळाल्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी जिंकल्या. गावे तीच, समाज तेच. गठ्ठे जर इतके घट्ट बांधलेले असते, तर पाच-सहा महिन्यांत ते असे सुटते ना.

आता या नादापायी काय घडले ते ऐका. आमच्या भावकीतील दोन सख्खे भाऊ एका रविवारच्या चर्चेवरून हमरीतुमरीवर आले आणि त्यांनी बोलणे टाकले. त्यांचा संत्र्याचा बगिचा सामाईक. आंबिया बहाराचा माल झाडावर पिकलेला. व्यापारी दोनदा येऊन गेला. परंतु एक भाऊ भाव सांगेना आणि दुसरा होकार देईना. तिसऱ्या खेपेस व्यापारी आलाच नाही. झाडाखाली संत्र्यांचा सडा पडला. ज्या वक्त्यांसाठी हे भांडले, ते कार्यक्रम संपताच एकत्र चहा प्यायले असतील!

आणि त्या साऱ्या शनिवार-रविवारी आम्ही ऐकलेल्या चर्चांत संत्र्याचा शब्द निघाला नाही. बांगलादेशाने २०१९ पासून संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवीत नेल्याने आपल्या बाजाराचे काय झाले, वरूड-मोर्शीच्या भूजलाचा अतिउपसा कसा आवरावा, फळगळीने खचलेल्या बागायतदाराने कोणाकडे पाहावे, हे आपले प्रश्न. ते कोणी विचारले नाहीत, कारण आम्हीही ते कोणास विचारले नव्हते.

या चर्चांत काहीच गुण नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे पडद्यावर बातमी पाहण्यास सरकारी वाहिनीवाचून दुसरे साधन नव्हते. आज पुढाऱ्याचे जुने भाषण त्याच्याच समोर दाखवून जाब विचारता येतो. सभेस न जाणाऱ्या आमच्या घरच्या स्त्रिया स्वयंपाकघराच्या दारातून सर्व पक्षांचे ऐकतात आणि स्वतंत्र मत बनवितात. हा लाभ लहान नव्हे.

परंतु आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले, त्यांच्याकडून आम्ही एक गोष्ट ऐकत आलो आहोत. बाबा श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडूनच येई, आणि ते घेऊन माणूस घरी जाई. पडद्यावरील चर्चेत प्रश्न पुष्कळ असतात. थांबणे नसते आणि श्रोत्याची गरज तर मुळीच नसते.

आता आपल्या मंडळाविषयी एक कटू शब्द बोलण्याची परवानगी असावी. पडद्यावर आपल्याला गठ्ठा म्हटले की आपण रागावतो. परंतु निवडणूक जवळ येताच निरनिराळ्या पक्षांची माणसे आपल्या पदाधिकाऱ्यांच्या घरी ‘समाजाचा पाठिंबा’ मागण्यास येतात, तेव्हा आपल्यालाही थोडे बरे वाटते. जातीच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराचा भ्रष्ट आचार ठरतो. १९९० च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, मतदाराच्या जातीचे आवाहनही त्यात येते असा निर्णय दिला. उमेदवारास जे मागता येत नाही, ते आपण होऊन त्याच्या हाती का द्यावे? समाजाने मुलांची शिष्यवृत्ती पाहावी, वधूवरांची सूची काढावी, आजाऱ्यास हात द्यावा. मत हे समाजाचे नव्हे. ते ज्याचे त्याचे आहे.

म्हणून आमच्या दोन नम्र सूचना आहेत. यापुढे मंडळाने कोणत्याही निवडणुकीत समाजाच्या नावे पाठिंब्याचे पत्रक काढू नये. आणि निवडणुकीपूर्वी एका रविवारी, ज्या वेळी आपण दूरचित्रवाणीसमोर बसतो त्याच वेळी, गावातील सर्व समाजांच्या मंडळींसह एकत्र बसून पाणी, संत्रा आणि शाळा यांविषयीचे पाच प्रश्न कागदावर लिहावेत आणि आपल्याच मतदारसंघातील प्रत्येक उमेदवारास ते विचारावेत. उत्तर येईपर्यंत थांबावे.

ते दोघे भाऊ आज या मंडपात शेजारी शेजारी बसले आहेत, याचा आम्हांस फार आनंद आहे. यंदाचा बहार त्यांनी एकत्र विकला. आमच्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप द्यावयाचे आहे, आणि ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.